खाणीची धूळ व मनुष्याचा श्वास

दगडी कोळशाचा मुलूख म्हटला म्हणजे चंद्रपूर, म्हणजे जुना चांदा जिल्हा, प्रथम मनात येतो. वरोऱ्याची जुनी खाण 1906 साली बंद पडली. परंतु घुग्गुस, माजरी, दुर्गापूर, बल्लारपूर या बाजूस कोळसा निघतच राहिला, आणि त्याच्या जवळच वीज उत्पन्न करणारे मोठे केंद्र उभे राहिले. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांची परीक्षा केली, तीत चंद्रपुरास 100 पैकी 83.88 गुण पडले. शाळेतल्या मुलास इतके गुण पडते तर घरी पेढे वाटले असते. परंतु हे घाणीचे गुण होत, आणि 70 च्या वर गेलेले क्षेत्र अतिशय दूषित समजले गेले.

भंडाऱ्याच्या वाचकांनी मात्र हा पाठ शेजाऱ्याचा म्हणून बाजूस ठेवू नये. आपल्या तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग व चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. चिखल्यास भूमीखाली उतरून काम चालते, डोंगरीस उघड्यावर. आणि डोंगरीचे काळे खनिज विजेरीतल्या कोरड्या बॅटरीच्या कामी येते. खनिज कोणतेही असो, ते फोडताना, चाळताना, गाडीत भरताना व कच्च्या रस्त्याने नेताना धूळ उठतेच.

आता कोणती धूळ वाईट, हे नीट समजून घ्यावे. जी डोळ्यांस दिसते व थुंकीतून काळी पडते तिलाच पुष्कळ लोक भितात. वास्तविक ती बहुतेक नाकात व घशात अडकते. मनुष्याचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील सत्तर. 10 मायक्रॉनहून बारीक कण छातीत उतरतात; 2.5 मायक्रॉनचे कण, जे केसाच्या सुमारे अठ्ठाविसाव्या हिश्शाइतके असतात, ते फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात. तेथे शरीराच्या पेशी त्यांस गिळू पाहतात. दगड तो, पचणार कसा? त्या मरतात, तेथे व्रण होतो, व मऊ फुप्फुस जागोजाग कठीण होत जाते. कोळशाच्या धुळीने असे झाले तर त्यास न्यूमोकोनिओसिस म्हणतात, गारेच्या दगडाच्या धुळीने झाले तर सिलिकोसिस. हे काम वर्षानुवर्षे मुकाट्याने चालते. मनुष्यास दम लागू लागतो तेव्हा पुष्कळ हानी होऊन गेलेली असते, आणि ती भरून काढणारे औषध नाही.

क्षयाची गोष्ट निराळी. त्याचे औषध आहे, सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते व साधारणतः सहा महिन्यांत गुण येतो. खोकला मात्र दोहोंतही असतो, आणि गारेची धूळ घेतलेल्यास क्षय अधिक सहज जडतो. म्हणजे एकाच छातीत दोन्ही असू शकतात. म्हणून नुसत्या खोकल्यावरून कोणीही निवाडा करू नये. थुंकीची तपासणी व छातीचा एक्स-रे, दोन्ही करवून घ्यावीत.

मँगनीजविषयी आमच्या उपदेशक बंधूंस विशेष सांगावयाचे आहे. ही बारीक धूळ फुप्फुसातून रक्तात व रक्तातून मेंदूत जाते. 1837 साली ग्लासगो येथील कूपर नामक वैद्याने मँगनीज दळणाऱ्या मजुरांत हा रोग प्रथम वर्णन केला. आरंभी मनुष्य चिडखोर होतो, कारणावाचून हसतो किंवा रडतो. मग आवाज बारीक होतो, चेहरा मुखवट्यासारखा थिजतो, चवड्यांवर कोंबड्यासारखे चालणे येते, आणि मागे पाऊल टाकू गेल्यास तो पडतो. खाणीतल्या प्रत्येकास हे होते असे नाही. धूळ किती व वर्षे किती यांवर ते अवलंबून आहे. परंतु असा मनुष्य गावात दिसला की कोणी करणी म्हणतो, कोणी दारू म्हणतो, आणि देवऋषीच्या अंगणात महिने जातात. ते महिने फार मोलाचे असतात. कारण लवकर धुळीतून काढल्यास रोग थांबण्याची आशा असते, उशीर झाल्यावर काम सोडले तरी तो वाढू शकतो. अशा वेळी तुम्हांस प्रार्थनेस बोलावतील. प्रार्थना अवश्य करावी, आणि त्याच दिवशी त्यास दवाखान्याची वाट दाखवावी.

उपायांत पाणी श्रेष्ठ आहे: भोक पाडताना पाणी सोडणे, रस्ता भिजविणे, भरलेली गाडी झाकणे. तोंडाला बांधलेला उपरण्याचा पदर बारीक कणांस अडवीत नाही. त्यासाठी धुळीकरिता केलेला घट्ट बसणारा मुखपट्टाच लागतो. कामाचे कपडे घरी झटकू नयेत, कारण ते झटकणारी बायको व जवळ खेळणारे मूल तीच धूळ ओढतात. कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटती ठेवून निजणे हे तर एका रात्रीत जीव घेणारे आहे. तिच्या वायूस वासही नसतो.

वर सांगितलेले तिन्ही खाणरोग 1952 च्या खाण कायद्याखाली सरकारास कळविण्याजोगे ठरले, आणि 2020 च्या कामगार-सुरक्षा संहितेच्या यादीतही ते आहेत. कामाने जडलेल्या रोगाबद्दल भरपाई मागण्याची तरतूदही कायद्यात आहे. अडचण पुराव्याची पडते. ठेकेदाराच्या मजुराजवळ पुष्कळदा कागदच नसतो. यास्तव ज्या घरचा मनुष्य खाणीवर जातो, तेथे उपदेशकाने एक वही करवावी: कोणत्या खाणीत, कोणाच्या हाताखाली, कोणते काम, कोणत्या साली धरले व सोडले, दम केव्हापासून लागू लागला. हजेरीची चिठ्ठी वा पगाराची पावती असेल तर ती तीतच जपून ठेवावी, आणि दवाखान्यात जाताना वही बरोबर न्यावी. डॉक्टर पहिला प्रश्न कामाचाच विचारील.