मजुरी कोणाच्या हातात पडते? : कचरा उद्योगातील आधुनिक गुलामी आणि सम्यक आजीविका



दुसरे शील आपण प्रत्येक वंदनेत म्हणतो. जे दिलेले नाही ते घेणार नाही, अशी ती प्रतिज्ञा आहे. आजच्या अभ्यासात हे शील कामगाराच्या मजुरीला लावून पाहू. त्यासाठी आपण राहतो त्या ब्रिटनमधलेच एक प्रकरण घेऊ.

काय घडले?

वेस्ट मिडलंड्स पोलिसांच्या ‘ऑपरेशन फोर्ट’ या तपासातून पोलंडमधून माणसे आणणारी एक टोळी उघडकीस आली. बेघर, तुरुंगातून सुटलेले, दारूच्या आहारी गेलेले अशा लोकांना चांगल्या नोकरीचे आमिष दाखवून आणले जाई. त्यांत १७ वर्षांच्या मुलापासून साठी ओलांडलेल्यांपर्यंत सगळे होते. त्यांना उंदीर फिरणाऱ्या घरांत कोंबून ठेवले जाई आणि शेतांवर, कोंबडी प्रक्रिया कारखान्यांत व कचरा पुनर्वापर केंद्रांत कामाला पाठवले जाई. त्यांच्या नावाने बँक खाती उघडलेली होती, पण त्यांचा ताबा टोळीकडे होता. २०१५ मध्ये पळून आलेल्या पीडितांनी ‘होप फॉर जस्टिस’ या संस्थेला हकीकत सांगितली आणि तपासाला वाट मिळाली. पोलिसांच्या अंदाजाने पीडितांची संख्या ४०० हून अधिक होती आणि टोळीने सुमारे २० लाख पौंड कमावले. २०१९ पर्यंत आठ जणांना शिक्षा झाली.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ही माणसे तळघरात लपवलेली नव्हती. ती रोज उघडपणे कामावर जात होती. कागदावर नोकरी होती, पगारही निघत होता. फक्त तो त्यांच्या हातात पडत नव्हता.

कचरा उद्योगातच हे सोपे का?

कौन्सिल कचऱ्याचे कंत्राट कंपनीला देते. कंपनी वर्गीकरणाच्या पट्ट्यावर माणसे पुरवण्याचे काम एजन्सीला देते. एजन्सी कधी कधी आणखी एका मध्यस्थाकडून माणसे घेते. काम घाणीचे, रात्रपाळीचे आणि इंग्रजी न येणाऱ्यालाही जमणारे. माणसे सतत बदलतात, म्हणून कोणी कोणाला ओळखत नाही. प्रत्येक जण वरच्याला सांगतो, ‘आमचे कागद पूर्ण आहेत.’

साखळी पुढे मालापर्यंतही जाते. मलेशियातील एका मोठ्या कंपनीच्या रबरी हातमोज्यांवर २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने सक्तीच्या मजुरीच्या कारणावरून बंदी घातली होती. तिथे नेपाळ-बांगलादेशातून आलेल्या कामगारांनी नोकरीसाठी दलालांना भरलेले पैसे कर्ज होऊन त्यांच्या मानगुटीवर बसले होते. म्हणून कामगाराचे संरक्षण करणारी वस्तू कोणी बनवली, हेही विचारावे लागते.

कायदा काय सांगतो?

ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामी कायद्यातील कलम ५४ नुसार ३ कोटी ६० लाख पौंड किंवा अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या कंपनीने दरवर्षी निवेदन प्रसिद्ध करायचे असते. ते संचालक मंडळाने मंजूर करावे आणि संचालकाने त्यावर सही करावी. पण ‘आम्ही काहीही पावले उचलली नाहीत’ असे निवेदनही या कायद्यात बसते! त्यामुळे निवेदन म्हणजे सुरुवात आहे. खरी तपासणी माणसांनीच करायची आहे.

धम्म काय सांगतो?

अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्तात उपासकाने न करण्याचे पाच व्यापार सांगितले आहेत. त्यांपैकी एक ‘सत्तवणिज्जा’, म्हणजे प्राण्यांचा व्यापार. अट्ठकथेत त्याचा अर्थ माणसांची विक्री असा दिला आहे. सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये येतात: शक्तीप्रमाणे काम, अन्न व वेतन, आजारपणात काळजी, चांगल्या पदार्थांत वाटा आणि वेळच्या वेळी सुट्टी. आज कंपनीच्या तपासणीत विचारले जाणारे बहुतेक प्रश्न यात आलेले आहेत.

आपल्याला हे परके वाटू नये. महार वतन नावाला हक्क होते, व्यवहारात वेठ होती. डॉ. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडले. पुढे संविधानाच्या कलम २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी यांना मनाई केली. नाव सन्मानाचे आणि व्यवहार वेठीचा, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगलेले आहे. ते ओळखण्याची नजर आपल्याकडे असायला हवी.

आपण काय करू शकतो?

आपल्यापैकी अनेक जण आयटी, हिशेब, खरेदी किंवा मनुष्यबळ विभागात आहेत. पगाराच्या डेटावर साध्या क्वेरी चालवता येतात:

१. एकाच बँक खात्यात अनेकांचे पगार जातात का? खातेदाराचे नाव कामगाराच्या नावाशी जुळते का?
२. एकाच पत्त्यावर किंवा मोबाइल क्रमांकावर खूप कामगार आहेत का? ऑपरेशन फोर्टसारख्या प्रकरणात खाती वेगवेगळी असू शकतात. तिथे ही दुसरी क्वेरी उपयोगी पडते.
३. काम मिळवण्यासाठी कामगाराने कोणाला पैसे दिले का? ब्रिटनमध्ये एजन्सीने असे पैसे घेण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे.

जुळणारा पत्ता हा पुरावा नाही. ते एक कुटुंबही असू शकते. म्हणून कामगाराशी त्याच्या भाषेत, एकट्याशी बोलावे. त्याला घेऊन येणारा माणूस दुभाषी म्हणून कधीही वापरू नये. संशय आला तर मुकादमाला जाब विचारू नये, त्याने पीडिताचा जीव धोक्यात येतो. तातडीचा धोका असेल तर ९९९, नाहीतर १०१ वर पोलिसांना कळवावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. मजुरी दिली, पण ती कामगारापर्यंत पोहोचली नाही. दुसरे शील कोणाचे मोडले? फक्त टोळीचे, की न पाहणाऱ्यांचेही?
२. आपल्या कार्यालयाची सफाई रात्री कोण करते? त्यांचा पगार किती हातांतून जातो?
३. आपली कंपनी कलम ५४ खाली येते का? येत असेल तर तिचे निवेदन पुढच्या वंदनेला वाचून यावे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!