‘मी सांभाळतो’ एवढ्यावर राहू नका

चिंचपोकळीच्या चाळीतली १० बाय १२ची खोली, झोपणारी सहा माणसं. पोरं जागी होतील म्हणून दिवा लावायचा नाही, निरोधचं पाकीट फाडल्याचा आवाजही नको वाटतो. मग नवरा म्हणतो, ‘मी सांभाळतो,’ आणि ऐन वेळी बाजूला होतो. यावर राहणाऱ्या १०० जोडप्यांपैकी साधारण २० जणींना वर्षभरात दिवस जातात. दर वेळी अगदी बिनचूक जमलं, तरी चौघींना.

काय टाळावे

• ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ यावर विसंबणं. वीर्याआधी येणाऱ्या पाण्यातही कधी कधी शुक्राणू असतात आणि ते बाईच्या शरीरात पाच दिवस तग धरू शकतात.

• नंतर धुतलं, लघवी केली की झालं, असं समजणं. त्याने काहीही टळत नाही.

• पाळी चुकल्यावर मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या परस्पर आणणं. गर्भ नळीत राहिला असेल तर जिवावर बेततं.

• दिवस गेल्यावर बाईलाच बोल लावणं. भरवसा तिने त्याच्या शब्दावर ठेवला होता.

काय करावे

• गडबड झाली तर ७२ तासांच्या आत तातडीची गोळी घ्या. जितकी लवकर, तितकी चांगली. दर महिन्याला मात्र तिच्यावर भागवू नका.

• पाळी चुकताच सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी करा.

• नेहमीची सोय बघा. निरोध, माला-एन आणि छाया या गोळ्या, तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, तांबी (कॉपर-टी), सगळं सरकारी कुटुंब नियोजन योजनेत मोफत आहे. परळचं केईएम जवळच आहे, तिथे विचारा. दाटीच्या घरात मला तांबीच बरी वाटते: ना पाकीट, ना आवाज, रोजची आठवणही नको. तिच्यावर १०० पैकी एखादीलाच वर्षभरात दिवस जातात आणि काढली की पुन्हा मूल होऊ शकतं. लैंगिक आजारांपासून वाचवतो तो मात्र निरोधच.

• विचारायला लाजू नका. र. धों. कर्व्यांनी १९२१ सालीच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं होतं आणि त्यापायी विल्सन कॉलेजातली नोकरी सोडली.

• तरीही दिवस गेले, तर लगेच डॉक्टर गाठा. गर्भपातासाठी साधन फसल्याचं कारण २०२१ पासून अविवाहितेलाही कायद्याने सांगता येतं. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. बाई सज्ञान असेल तर नवऱ्याची सही लागत नाही.