जुन्या घराची वाढ

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्याकडे लहानथोरांच्या तोंडी आहे. परंतु नवे घर बांधण्याहूनही अवघड असे एक काम आहे. ते म्हणजे राहते जुने घर वाढविणे. मोकळ्या जागेवर बांधणारा आपल्या मनाप्रमाणे रेषा आखतो. जुने घर वाढविणाऱ्यास मात्र पूर्वजांनी आखलेल्या रेषा आधी वाचाव्या लागतात.

सोलापूरच्या जुन्या वस्तीतील एखादे घर आपण डोळ्यांपुढे आणू. या गावी उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो आणि पाऊस बेताचाच पडतो. म्हणून येथील जुनी घरे बहुधा धाब्याची. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. यालाच माळवद म्हणतात. दोन तुळयांमधील जागा म्हणजे एक खण. घर केवढे, हे पूर्वी खणांवरून सांगत असत. पुढे ओसरी, मध्ये चौक, आत माजघर आणि मागे परसू, अशी घराची मांडणी असे. विणकराच्या घरी एका खोलीत हातमागही असे. यातील काहीही उगाच केलेले नाही. जाड माती दिवसाचे ऊन सहजासहजी आत येऊ देत नाही. चौकातून माजघराला उजेड मिळतो आणि तापलेली हवा वर निघून जाते.

आता या घरातील माणसे वाढली आहेत. थोरल्या मुलाचे लग्न ठरले आहे. मुलींना अभ्यासासाठी जागा हवी आहे. आजींचे गुडघे दुखतात आणि न्हाणीघर तर परसात, चार पायऱ्या उतरून. पावसाळ्यातील रात्री त्या पायऱ्या उतरताना घरातील प्रत्येकाचा जीव टांगणीस लागतो. अशा वेळी ‘वर दोन खोल्या चढवू’ असे कोणीतरी म्हणतो. पण शहाणा गृहस्थ आधी गरजांची यादी करतो आणि तिचे दोन भाग पाडतो: कोणती गरज नव्या बांधकामावाचून भागणार नाही आणि कोणती केवळ मांडणी बदलल्याने भागेल? माजघराशेजारची धान्याची कोठी आज रिकामी आहे, कारण वर्षाचे धान्य आता कोणी साठवीत नाही. तिला खिडकी पाडून तेथे आजींची खोली करता येईल आणि तिला लागूनच, त्याच पातळीवर, न्हाणीघर बांधता येईल. घराची निम्मी अडचण अशा रीतीने थोडक्या खर्चात सुटते.

मात्र ती खिडकीही वाटेल तेथे पाडून चालत नाही. घराचा भार कोणत्या खांबावर वा भिंतीवर आहे, हे जाणत्या अभियंत्याकडून तपासून घ्यावे लागते. याचा धडा महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांतील हजारो माणसे झोपेतच घराखाली गाडली गेली. तेथील भिंती दगडमातीच्या आणि फार जाड होत्या. पण भिंतीच्या दोन्ही बाजू एकमेकींत गुंतविणारे आरपार दगड त्यांत नव्हते. त्यामुळे धक्का बसताच भिंती फुगल्या आणि ढासळल्या. वर मातीचे ओझे होते. छत गळू नये म्हणून वर्षानुवर्षे त्यावर नवी माती घातली गेली होती आणि प्रत्येक थरागणिक भार वाढत गेला होता. हेतू चांगला होता. परिणाम भयंकर झाला. माळवदावर विटांची खोली चढविणे ही त्याच चुकीची दुसरी आवृत्ती होय.

तेव्हा वाढ करावयाची ती परसाकडे, स्वतंत्र पायावर. आपल्याकडील काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. म्हणून पाया तिच्यावर न ठेवता खाली कठीण मुरुमापर्यंत न्यावा. जुने बांधकाम कधीच बसून स्थिर झालेले असते, नवे हळूहळू बसते. यासाठी दोहोंमध्ये थोडी फट ठेवून ती पाणी शिरणार नाही अशी झाकावी. चौकावर छत घालण्याचा मोह टाळावा; नाहीतर एक खोली मिळेल आणि तीन खोल्या अंधारात जातील. नव्या गच्चीचे पाणी वाया जाऊ देऊ नये. ५० चौरस मीटर गच्चीवर एक सेंटिमीटर पाऊस पडला, तर ५०० लिटर पाणी जमते. टंचाईच्या गावी ही मिळकत लहान नव्हे. आणि कुदळ मारण्यापूर्वी महानगरपालिकेकडून नकाशा मंजूर करून घ्यावा.

नकाशा काढण्यास मुलांचाही हातभार लागू शकतो. फीत घेऊन खोल्या मोजाव्यात आणि चौकटीच्या कागदावर एका चौकोनास एक फूट धरून घर उतरवावे. नियोजित खोली परसात चुन्याने आखून तीत खाट मांडून पाहावी. मग घरातील सर्वांनी एकत्र बसावे. त्या बैठकीत मिळवत्या माणसाइतकाच आजींच्या शब्दालाही मान असावा, कारण घरात सर्वांत अधिक वेळ त्यांनाच काढावयाचा असतो.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे सोलापुरातील घर आज स्मारक म्हणून जपलेले आहे. प्रत्येक घराचे स्मारक होत नाही, होण्याची आवश्यकताही नाही. राहत्या घराचा खरा मान ते राहते ठेवण्यात आहे. जुन्याचे बळ ओळखून त्यावर झेपेल एवढाच भार घालणे आणि नव्याला त्याच्या स्वतःच्या पायावर उभे करणे, हा नियम घराला जसा लागू आहे, तसाच तो घरातील माणसांनाही लागू आहे.

स्वाध्याय

१. धाब्याच्या घरातील चौकाचे उपयोग सांगा.
२. किल्लारीच्या भूकंपात घरे का कोसळली? दोन कारणे लिहा.
३. ‘हेतू चांगला होता, परिणाम भयंकर झाला.’ हे वाक्य पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. ‘जीव टांगणीस लागणे’ हा वाक्प्रचार स्वतःच्या वाक्यात योजा.
५. आपल्या घराचा नकाशा प्रमाणात काढा आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारून मांडणीतील एक बदल सुचवा.