संपलेल्या मालाचं पान

चि. बंड्या यास,


ऑनलाइन दुकानाचा पासवर्ड पाठवून "मामा, तेवढा हिशेब बघा" असं तू लिहिलंस. हिशेब बघितला, ठीक आहे. जीएसटीच्या दोन नोंदी खटकल्या, त्या फोनवर सांगेन. माझं लक्ष अडकलं ते मालाच्या यादीत. एकूण ६४ वस्तू, त्यांतल्या १९ पुढे शून्य. या १९ पैकी काही तू लपवल्यास, काही ट्रॅशमध्ये टाकल्यास, आणि आमसुलाच्या पानावर लाल अक्षरांत 'आउट ऑफ स्टॉक' एवढंच ठेवून मोकळा झालास. जन्मभर कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढलेल्या माणसाला हे बघून गप्प बसवेना.

माल संपण्यात लाज कसली? तू कोकणचा माल विकतोस. आमसूल, आगळ, आंबापोळी, काजू, कुळथाचं पीठ. यातलं निम्मं वर्षातून एकदाच होतं. गिऱ्हाईक चिडतं ते माल नाही म्हणून नव्हे, पुढचं काही कळत नाही म्हणून. परत येणार का, कधी येणार, तोवर दुसरं काय आहे, एवढंच त्याला हवं असतं. तुझ्या आमसुलाच्या पानावर यातलं एकही उत्तर नाही. एकाच आठवड्यात व्हॉट्सॲपवर "आमसूल कधी?" असं विचारणारे अकरा निरोप मी मोजले. ती सगळी माणसं आधी पानावर जाऊन आली होती. आणि जी निरोप धाडण्याची तसदी न घेता परस्पर दुसरीकडे गेली, ती कुठेच मोजली गेली नाहीत.

आता तुझ्या शून्यांकडे नीट बघ, ती सगळी एका जातीची नाहीत. कुळथाचं पीठ संपलं ती निव्वळ हलगर्जी. पीठ बाराही महिने मिळतं. बचत गटाला सांगितल्यापासून पोती भरून तयार होईपर्यंत बारा दिवस लागतात, वाहतुकीचे तीन धर, म्हणजे पंधरा. रोज सरासरी चार पाकिटं जातात, म्हणजे त्या पंधरा दिवसांत साठ जाणार. वर वीस-पंचवीस राखीव धर, कारण पावसाळ्यात पिठीचा खप वाढतो आणि गाड्याही रखडतात. तर साठा ८५ वर आला की त्याच दिवशी फोन करायचा. याला आम्ही री-ऑर्डर लेव्हल म्हणायचो. तुझं दुकान ज्यावर चालतं त्या वूकॉमर्समध्येही तिची सोय आहे, पण तू तो आकडा जसा आला तसाच ठेवलायस, दोन. दोन पाकिटं उरल्यावर सावध होऊन काय उपयोग? प्रत्येक वस्तूला तिचा वेगळा आकडा घाल. आणि सूचनेचा ईमेल कुठे जातो तेही बघ. तुझ्या कॉलेजच्या वेळच्या पत्त्यावर जातोय, जो तू उघडत नाहीस.

आमसुलाचं गणित मात्र निराळं. रतांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात. साली आगळात भिजवायच्या, उन्हात घालायच्या, पुन्हा भिजवायच्या, असं पुटावर पूट चढवत आमसूल होतं. मृग लागला की ऊन गेलं आणि काम थांबलं. म्हणजे तुला वर्षभराचं आमसूल मे अखेरीलाच उचलावं लागतं, डिसेंबरात फोन करून काही मिळत नाही. इथे री-ऑर्डर लेव्हल कामाची नाही. इथे प्रश्न एकच, की एकदाच घ्यायचं तर किती घ्यायचं.

आणि तिथेच तुझी वही तुला फसवते आहे. गेल्या जूनपासून डिसेंबरपर्यंत तू १४० किलो विकलंस. तुझ्या तक्त्यात तू त्याला बाराने भागलंयस, महिन्याला पावणेबारा किलो काढलेस आणि पुढच्या वर्षीसाठी दीडशे किलो लिहून ठेवलेस. अरे, जानेवारीत शून्य विकलं गेलं ते कुणाला नको होतं म्हणून नाही, तुझ्याकडे नव्हतं म्हणून. विक्री शून्य आणि मागणी शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संगणकाला त्यांतला फरक आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. सातने भाग. महिन्याला वीस किलो येतात, वर्षाला २४०. त्यातही सगळे महिने सारखे नसतील, म्हणून ते व्हॉट्सॲपचे निरोप पुसू नकोस. तारीख, वस्तू, किती हवं होतं, असे तीन रकाने कर आणि परत पाठवलेलं प्रत्येक गिऱ्हाईक त्यात लिही. मे महिन्यात पैसे गुंतवताना हाच कागद समोर असू दे. २४० किलोला भांडवल पुरत नसेल तर तेही चालेल. मग जूनपासूनच माणशी अर्धा किलोची मर्यादा घाल, म्हणजे माल निदान फेब्रुवारीपर्यंत तरी पुरेल आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना मिळेल.

तोवर पानावर काय लिहायचं? साधं लिही. "या हंगामाचं आमसूल संपलं. नवं जूनच्या पहिल्या आठवड्यात येईल. नंबर ठेवलात तर आल्यावर कळवू. तोपर्यंत आगळ आहे." खाली आगळाचा दुवा दे. नंबर घेतलेस तर वचन पाळ. आलेला माल थोडा असेल तर सगळ्या यादीला एकदम निरोप धाडू नकोस, ज्यांनी आधी नंबर दिला त्यांना आधी कळव. चाळीस पाकिटांसाठी दोनशे माणसांना धावायला लावलंस तर एकशे साठ जण दुसऱ्यांदा रिकाम्या हाताने परत जातील, आणि दुसऱ्यांदा परत गेलेला माणूस तिसऱ्यांदा येत नाही. शिवाय तो नंबर आमसुलासाठी दिलाय, त्यावर दिवाळीच्या जाहिराती धाडायच्या नाहीत.

ट्रॅशचं काम आज रात्रीच कर. वर्डप्रेस ट्रॅशमधल्या गोष्टी तीस दिवसांनी आपोआप पुसतं. फणसपोळीचं पान तू तिथे टाकलंयस. त्यावर लोकांनी लिहिलेले अभिप्राय आहेत, गुगलवर ते वर दिसतं, आणि एका बाईंनी तर आपल्या लेकीला फणसपोळी अमेरिकेला पाठवायची कशी हेही सविस्तर विचारून उत्तर घेतलंय. मे-जूनमध्ये फणसपोळी येईल तेव्हा तू नवं पान करशील, त्याचा पत्ता नवा असेल आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हंगाम संपला म्हणून कुणी दुकानाची भिंत पाडत नाही. पान तसंच ठेव, पत्ता तोच ठेव, फक्त उपलब्धता बदल. यादीत संपलेल्या वस्तू सगळ्यात खाली गेल्या तर हरकत नाही, पण पूर्ण लपवू नकोस. लपवलेल्या वस्तूकडे दुकानातून वाटच उरत नाही.

तिरफळाच्या लोणच्याचं वेगळं आहे. करणाऱ्या काकूंनी ते बंद केलंय, ते परत येणार नाही. तिथे "लवकरच येत आहे" लिहून लोकांना झुलवत ठेवू नकोस. कायमचं बंद असं लिही. काही महिन्यांनी त्या पत्त्यावरून लोकांना त्यातल्या त्यात जवळच्या लोणच्याकडे वळव. ३०१ म्हणतात ते वळण, तुझा संगणकवाला मित्र लावून देईल. पण सगळी बंद पानं सरसकट मुखपृष्ठाकडे वळवू नकोस. लोणचं शोधत आलेल्या माणसाला दारात नेऊन उभं करणं हे उत्तर नव्हे, आणि गुगलही तसलं वळण पान नसल्यातच जमा धरतं. जवळचं काही नसेल तर पान सरळ काढून टाकलेलं बरं.

आता सगळ्यात मोठी भानगड. वस्तूपुढे शून्य लिहिलेलं असतं ते निदान दिसतं तरी. तुझ्याकडे असे आकडे आहेत जे खोटे आहेत. साईटवर काजूची २२ पाकिटं दिसतात, खोलीत नऊ आहेत. बाकीची कुठे गेली? काही व्हॉट्सॲपवर विकलीस, काही दादरच्या प्रदर्शनात, दोन तुझ्या आईने शेजारी दिली. साईटला यातलं काहीच ठाऊक नाही. आमच्या स्टोअरमध्ये प्रत्येक खणाला बिन कार्ड टांगलेलं असायचं. माल आला की जमा, गेला की वजा, खाली शिल्लक आणि सही. तरीही एकदा रात्रपाळीला मशीन बंद पडलं, कार्डावर चार बेअरिंगं, खणात एक नाही. फिटर लोक आधीच्या आठवड्यात चिठ्ठी न देता घेऊन गेले होते. तुझ्याकडे चिठ्ठी न देणारे फिटर म्हणजे तू स्वतः आहेस. प्रदर्शनाला जाताना न्यायचा माल साईटवरून आधी वजा कर, उरलेला परत आल्यावर जमा कर. व्हॉट्सॲपची ऑर्डरही साईटमध्येच घाल, हाताने घालता येते. आणि दर शनिवारी पाच-सहा वस्तू प्रत्यक्ष मोज, म्हणजे अडीच-तीन महिन्यांत सगळी खोली एकदा मोजून होते.

मोजताना पाकिटावरची तारीखही बघ. मुदत संपत आलेला माल खोलीत असला तरी तो नसल्यासारखाच. ऑनलाइन विकलेला खाद्यपदार्थ गिऱ्हाइकाच्या हातात पडताना त्याची ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस तरी शिल्लक असावेत, असा एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा दंडक आहे. आणि तुझं ते 'कोकण भेट' खोकं! त्यात आमसुलाचं पाकीट असतं. आमसूल शून्य, आणि खोकी १५ शिल्लक दाखवतोस. ती कशातून भरणार आहेस?

एवढं करूनही कधीतरी नसलेला माल विकला जाईलच. तेव्हा ईमेल धाडून लपू नकोस, त्याच दिवशी फोन कर. काय झालं ते दोन वाक्यांत सांग, थांबायचं की पैसे परत हवेत ते त्यांना ठरवू दे. दुसरी वस्तू विचारल्याशिवाय पाठवायची नाही, मग ती महाग का असेना. पैसे त्यांनी मागायच्या आत परत कर. त्यांच्या खात्यात पडायला पाच-सात दिवस लागतात, ते त्यांना आधीच सांगितलेलं बरं. गेटवेचं कमिशन बहुधा तुझ्या अंगावर पडेल, पडू दे. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० पासून लागू आहेत. तक्रार आली तर ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाली काढायची, हे त्यात आहे. ऑर्डर रद्द करणाऱ्या ग्राहकाला तू दंड लावतोस, पण तूच रद्द केलीस तर स्वतःला लावत नाहीस, हेही त्यांत बसत नाही. तुझ्या अटींच्या पानावर १० टक्के कापण्याचं वाक्य आहे, ते काढ.

मेतकुटाच्या पानावर "फक्त ३ शिल्लक, त्वरा करा" असं लुकलुकतंय. खोलीत नव्वद डबे आहेत. हे कोणत्या प्लगिनने शिकवलं? नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने डार्क पॅटर्नविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतल्या १३ प्रकारांत खोटी घाई हा पहिलाच आहे. स्वस्त माल दाखवून ऐनवेळी "तो संपला, हा महागातला घ्या" म्हणणं हाही त्यांतलाच एक. कायदा राहू दे बाजूला. तुझं गिऱ्हाईक दर महिन्याला येणारं आहे. चार महिने तीनच डबे शिल्लक राहिलेले त्याला दिसत नसतील का?

राहता राहिला हापूस. मोहोर अजून फांदीवर आहे आणि तू बुकिंग उघडायला निघालायस. उघड, पण बागायतदाराने शंभर पेट्या कबूल केल्या असतील तर साठच विकायला ठेव. पुढे फुलकिडे आहेत, अवकाळी आहे, मार्चच्या उन्हात होणारी फळगळ आहे. चाळीस जास्त झाल्या तर एप्रिलमध्ये एका दिवसात जातील. साठवर बुकिंग आपोआप थांबेल असं कर, बॅकऑर्डर बंद ठेव. नाहीतर साईट नसलेले आंबेही विकत बसेल. कमी पडले म्हणून बाहेरून आंबा उचलून देवगडच्या पेटीत भरायचा विचार मनातही आणू नकोस. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तुझं सगळं दुकान त्या नावावर चालतंय. पानावर तारीख देण्यापेक्षा आठवडा दे. गुगलच्या यादीत मात्र पूर्वनोंदणीच्या मालाला तारीख द्यावीच लागते, तिथे तुझ्या अंदाजातली उशिराची तारीख घाल. पेटी आधी पोचली म्हणून कुणी भांडत नाही. आगाऊ रक्कम वेगळ्या खात्यात ठेव, त्यातून खोकी नि पेंढा विकत घेऊ नकोस, कारण पीक बुडालं तर ती जशीच्या तशी परत करायची आहे.

साठांपैकी एक पेटी आमच्या नावावर लाव, पाच डझनची. पैसे मामी आजच पाठवते आहे. तिला सवलत देऊ नकोस, ती घेणार नाही.

कळावे,
तुझा मामा