फाटकं लुगडं नको

औसा,
पौष

चि. रेवास,


तुमच्या सोसायटीच्या हुरडा पार्टीला कमानीशेजारी बुजगावणं उभं करायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय, हे ताईनं फोनवर सांगितलं. तू पाठवलेले फोटोही पाहिले. चौकड्यांचा शर्ट, गवती हॅट, पायाशी केशरी भोपळे. दिसतं छान, पण ते अमेरिकेतल्या ऑक्टोबरचं आहे. तिकडे तेव्हा मका आणि भोपळे निघतात, म्हणून ते तसं उभं असतं. तुम्ही गूळभेंडीची कणसं भाजणार आणि दारात भोपळेवाला ठेवणार, हे मला काही पटेना. ज्वारीच्या रानातलं माणूस कर. आणि माझं ऐकशील तर बाई कर.

का ते सांगतो. दाणा चिकात आला की चिमण्या, पोपट, साळुंक्या रानावर उतरतात आणि तो टणक होईपर्यंत त्यांचा मुक्काम हलत नाही. त्या दिवसांत आपल्याकडे माळ्यावर चढून गोफण फिरवायला, डबडं बडवायला बायका आणि पोरंच असायची. तुझी आजी उजाडायच्या आत रानात असायची, कारण पाखरांची खरी धाड सकाळची आणि दिवस कलतानाची. बुजगावणं तिची गैरहजेरी भरून काढायला. भाकरीला बसली किंवा दुसऱ्या टोकाला गेली, तर तेवढा वेळ पाखरांना वाटावं की बाई अजून इथंच आहे. म्हणून ते तिच्यासारखंच दिसायला हवं. बाप्याचं बुजगावणं सगळीकडे दिसतं खरं, पण त्यात सवय जास्त आणि विचार कमी.

आता कपडे. शहरात मी एक प्रकार पाहिलाय, तो तू करू नकोस. लोक चांगलं धोतर घेतात, कात्रीनं चिरतात, वर रंगीत ठिगळं शिवतात, मिशा काढतात आणि ‘शेतकरीदादा’ म्हणून उभा करतात. रानातलं बुजगावणं फाटकं असतं, ते धडका कपडा कुणी उन्हातान्हात टाकून देत नाही म्हणून. पाखरांना ठिगळाची भीती वाटत नाही. मग हुरडा खायला आलेल्यांनी मुद्दाम फाटका केलेला शेतकरी शेजारी घेऊन हसत फोटो काढायचे, तर तो विनोद कुणावर होतो ते तूच बघ. जुनं चालेल, विटकं चालेल, दंड घातलेलं तर फारच उत्तम, पण धड असू दे.

शिवाय कुणाच्या तरी अंगाला लागलेलं असू दे. तू ती जपानची चित्रफीत दाखवली होतीस ना, शिकोकू बेटावरच्या नागोरो गावाची? अयानो त्सुकिमी या बाईंनी पेरलेलं बी पाखरं खातात म्हणून बुजगावणं केलं ते आपल्या वडिलांसारखं, आणि शेजारी त्याला रामराम करू लागले. पुढे गाव रिकामं होत गेलं आणि बाहुल्या वाढत गेल्या, ती गोष्ट वेगळी. मला त्यातलं पहिलंच बुजगावणं आवडलं. ते कुणाचं तरी होतं.

बांधणी अवघड नाही. रानात मालदांडी ज्वारी डोक्यावर जाते, त्यामुळे बुजगावण्याला आठ-नऊ फूट उंची लागते, नाहीतर कणसांत बुडून जातं. तुमच्याकडे सहा फूट पुरे. मेढ आणि हातांची आडवी काठी दोन्ही बांबूच्या घे. तुराटी हलकी असते, पण पोरं हाताला लोंबकळली की मोडेल. सांध्यावर सुतळीनं फुली मारून पाच-सहा वेढे दे, मग दोन काठ्यांच्या मधून आवळून दोन वेढे घे. हे मधले वेढे विसरलं की हात संध्याकाळपर्यंत खाली येतात. तुमच्या अंगणात फरशा असल्यानं पहार चालणार नाही. तेलाचा पत्र्याचा डबा घे, मेढ मधोमध धरून दगडांनी पाचर मार आणि वर वाळू भर.

एका मेढीला कासोटा घालता येत नाही. तुराटीच्या दोन मोळ्या पायांसारख्या बांध, म्हणजे लुगडं नीट नेसवता येईल. पोलक्यात कडब्याचा पाला भर, पण ठासून नको, माणूस पोत्यासारखं दिसतं. डोक्याला पालथं मडकं, बुडाकडून काळं झालेलं. त्यावर चुन्याचे डोळे काढ, मोठे, कमानीपासून पन्नास पावलांवर ओळखू येतील एवढे. हसू काढू नकोस. राखणीला बसलेली बाई पाहुण्यांकडे बघून हसत नसते.

पदर मात्र मोकळा सोड. सगळी जादू त्यात आहे. न हलणाऱ्या बुजगावण्याची पाखरांना चार दिवसांत सवय होते आणि ती त्याच्याच हातावर बसून कणसं सोलतात. म्हणून जाणता शेतकरी त्याची जागा बदलतो, कपडा बदलतो. वाऱ्याची बाजू बघून पदर फडफडेल असा ठेव. कॅसेटची फीत, मांजा असलं काही लावू नकोस, त्यात पाखरांचे पाय अडकतात. थर्माकोलही नको, सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, आणि नसती तरी मी नकोच म्हटलं असतं.

एक गोष्ट सक्तीची. आगटी जिथं पेटेल तिथून हे लांब ठेव, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. वाळलेला कडबा म्हणजे निव्वळ जळण. गोवरीची एक ठिणगी पुरते. जवळ पाण्याची बादली भरून ठेवायला वॉचमनला सांग.

कडब्याच्या दोन पेंढ्या, तुराटी आणि मडकं ओळखीच्या टेम्पोतून शुक्रवारी पाठवतोय, उतरवून घ्यायला कुणीतरी थांबा. वेळ अमावस्येच्या कोपीसाठी आणलेल्यातला कडबा आहे, कोरडा आणि स्वच्छ. सोबत आजीचं हिरवं इरकली लुगडं आहे. तिनं ते स्वतःहून काढून दिलं, पण घडी घालताना तीनदा बजावलं, की फोटो पाठवायचा, धूर लागू द्यायचा नाही आणि लुगडं धुऊन परत यायला पाहिजे.

तुझा,
मामा