घरीं बांधलेली मोटार व तिची नोंदणी

आमच्या शाळेंतील वरच्या वर्गांचे विद्यार्थी मधल्या सुटींत ज्या विषयांवर तावातावानें बोलतात, त्यांत मोटार हा एक होय. कित्येकांच्या घरीं खळ्याच्या कोपऱ्यांत एखादी जुनी जीप किंवा दुचाकी गंजत पडलेली असते. हिचें एंजिन घ्यावें, तिचीं चाकें घ्यावीं, लोहाराकडून सांगाडा जोडून घ्यावा आणि स्वतःची मोटार रस्त्यावर आणावी, असा मनोरथ चतुर मुलाच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचा उपहास आम्ही करणार नाहीं. परंतु मोटार बांधणें निराळें आणि तिच्यावर आपल्या बुलढाणा जिल्ह्याचीं ‘एमएच २८’ हीं चिन्हें कायदेशीर रीतीनें लावणें निराळें. वडिलांचा पैसा खर्च होण्यापूर्वीं हा भेद समजलेला बरा.

सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे हें गांव यशवंतराव चव्हाण यांचें जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील दत्तात्रय लोहार यांनीं मुलाच्या हौसेखातर, जुन्या वाहनांचे भाग जमवून, सुमारें साठ हजार रुपयांत एक लहानशी जीप तयार केली. ती दुचाकीप्रमाणें किक मारून सुरू होत असे. डिसेंबर २०२१ मध्यें तिचें चलच्चित्र देशभर पाहिलें गेलें. उद्योगपति आनंद महिंद्र यांनीं लोहारांच्या कल्पकतेची वाखाणणी केली. पण ही गाडी नियमांत बसत नाहीं, आज ना उद्यां अधिकारी तिला अडवितील, हेंहि सांगितलें. तिच्या बदल्यांत त्यांनीं नवी बोलेरो देऊं केली व जानेवारी २०२२ मध्यें ती लोहार कुटुंबास मिळाली.

नियमांत बसत नाहीं म्हणजे काय? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणें नोंदणीवांचून वाहन चालवितां येत नाहीं. नव्या गाडीच्या नोंदणीसाठीं नमुना २० मध्यें अर्ज करावा लागतो. त्यासोबत विक्रीचा दाखला, म्हणजे नमुना २१, आणि गाडी रस्त्यास योग्य असल्याचा कारखानदाराचा दाखला, म्हणजे नमुना २२, जोडावा लागतो. हा शेवटचा कागद म्हणजे गाडीच्या वतीनें दिलेली साक्षच होय. ती देण्यापूर्वीं कारखानदारास आपल्या गाडीचा पहिला नमुना पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन किंवा अहिल्यानगरची लष्करी वाहन-संशोधन संस्था अशांपैकीं एकीकडून तपासून घ्यावा लागतो. हजारों गाड्या विकणाऱ्यास तो खर्च सोसतो. एकच गाडी बांधणाऱ्यानें तो कोठून आणावा?

यावर हुशार विद्यार्थी म्हणेल, “पण सर, ज्या जीपचें एंजिन घेतलें तिचे कागद आहेत कीं!” येथेंच खरी गांठ आहे. मुलांना एंजिन हें मोटारीचें हृदय वाटतें. तथापि कायद्याच्या दृष्टीनें गाडीची ओळख मुख्यतः चासीवर, म्हणजे सांगाड्यावर, कोरलेल्या क्रमांकांत असते. ब्रिटनमध्यें पुनर्बांधणी केलेल्या गाड्यांसाठीं पुष्कळ वर्षे एक गुणपद्धति चालविली गेली. तींत मूळ सांगाड्यास ५ गुण असत. झोके, आंस, गिअरपेटीसह चालक-यंत्रणा व स्टिअरिंग यांस प्रत्येकीं २, आणि एंजिनास अवघा १! जुना क्रमांक राखण्यास निदान ८ गुण लागत. आपल्याकडे ५२ वें कलम सांगतें कीं, नोंदणीपुस्तकांतील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार करूं नये. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हेंच बजाविलें. तेव्हां जुन्या जीपची पाटी काढून नव्या सांगाड्यावर ठोकणें ही युक्ति नव्हे, तोतयेगिरी आहे.

पूर्वीं आपल्या गांवचा सुतार बंडी करी, तिला कोणी दाखला विचारला नाहीं, हें खरें. पण भरलेली गाडी राजूर घाट उतरत असतां ब्रेक निकामी झाला, तर काय होईल? समोरून येणारा शेतकरी मोटार बांधणाऱ्याची हौस जाणत नाहीं. नोंदणी नाहीं तर विमा नाहीं, आणि विमा नाहीं तर त्याच्या विधवेस भरपाई कोण देणार? उत्तरेकडील ‘जुगाड’ गाड्यांविषयीं मे २०१३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असाच निवाडा दिला: जुगाड हेंहि मोटार वाहनच, म्हणून त्यास नोंदणी व विमा चुकत नाहींत.

इतकें मान्य करूनहि आमचें एक म्हणणें आहे. ब्रिटनमध्यें घरीं बांधलेली एकटी गाडीहि सरकारी तपासणीस नेतां येते. ती उतरली तर तिची नोंद होते, आणि तिचें वय वा मूळ ठरत नसेल तर तिला ‘क्यू’ अक्षराचा क्रमांक मिळतो. आपल्याकडे हौशी कारागिरासाठीं असें परवडणारें दार ठेवलेलें नाहीं. तें असावें. तपासणी कडक असली तरी चालेल.

तोंवर ज्यांचे हात शिवशिवतात त्यांनीं अभियांत्रिकी महाविद्यालयांकडे पाहावें. ‘बाहा’ नांवाच्या स्पर्धेसाठीं विद्यार्थी स्वतः चारचाकी बांधतात. २००७ पासून इंदूरजवळ पिथमपूर येथें त्या बंदिस्त मैदानावर पळविल्या गेल्या आहेत, आणि पळण्याआधीं परीक्षक त्यांचे ब्रेक तपासतात. घरची जुनी जीप मोडलीच, तर पालकांनीं तिचें नोंदणीपुस्तक पेटींत ठेवून देऊं नये. चौदा दिवसांच्या आंत परिवहन कार्यालयास कळवून तें परत करावें व नोंदणी रद्द करून घ्यावी.