एट माइल रस्त्याच्या दोन बाजू : अमेरिकी मतदाराचा रोष आणि वर्णप्रश्न

अमेरिकेतील अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली, की आपल्याकडील वृत्तपत्रांतही 'नाराज मतदार' हा शब्दप्रयोग वारंवार दिसू लागतो. कारखाने बंद पडले, रोजगार गेला, म्हणून मतदार संतापला आणि त्याने सत्ता उलथवली, असे सांगितले जाते. यात खोटे काही नाही. परंतु हा मतदार म्हणजे गोरा कामगार, हे न सांगताच गृहीत धरलेले असते. त्याच कारखान्यात, त्याच यंत्रावर काम करणारा कृष्णवर्णीय कामगार नाराज नव्हता काय? त्याच्या नाराजीचे पुढे काय झाले? समाजाच्या अभ्यासकाने हा प्रश्न विचारल्याखेरीज पुढे जाऊ नये, असे आम्हांस वाटते. त्यासाठी सबंध अमेरिका पालथी घालण्याची आवश्यकता नाही. मिशिगन राज्यातील एक रस्ता पुरेसा आहे.

त्या रस्त्याचे नाव एट माइल रोड. मोटार-उद्योगाची राजधानी म्हणून ख्याती पावलेल्या डेट्रॉइट शहराची ही उत्तर सीमा. रस्त्याच्या दक्षिणेस डेट्रॉइट. आज तेथील बहुसंख्य रहिवासी कृष्णवर्णीय आहेत. उत्तरेस मॅकोंब व ओकलंड या काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखे प्रशासकीय विभाग. त्यांपैकी मॅकोंब ही दीर्घकाळ गोऱ्या मोटार-कामगारांची वसाहत राहिली.

डेट्रॉइटमध्ये आलेले कृष्णवर्णीय मुख्यतः दक्षिणेकडील राज्यांतून आले, आणि ते केवळ पोटासाठी आले नाहीत. १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली होती. तथापि दक्षिणेतील राज्यांनी मतदान-कर, साक्षरतेची परीक्षा अशा अटी घालून तो अधिकार कायद्याच्याच भाषेत काढून घेतला. लुइझियाना राज्यात १८९६ साली १ लाख ३० हजारांवर कृष्णवर्णीय मतदारांची नोंद होती. १९०४ साली ती सुमारे १,३०० वर आली. त्या राज्याच्या १८९८ च्या घटनेत एक विलक्षण कलम होते : ज्याचा बाप वा आजा १८६७ पूर्वी मतदार होता, त्याला साक्षरतेची व मालमत्तेची अट माफ. गुलामाचा नातू या सवलतीत बसणार कसा? अशाच स्वरूपाचे ओक्लाहोमा राज्याचे कलम सर्वोच्च न्यायालयाने १९१५ साली रद्द ठरविले. त्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पुढे १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांच्या वतीने सादर झालेल्या निवेदनाची प्रत मागविली होती.

ड्यू बॉइस यांचे येथे वेगळे कारणही आहे. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या, यादवी युद्धानंतरच्या कालखंडावरील आपल्या ग्रंथात त्यांनी एक कोडे सोडविले : दक्षिणेतील गरीब गोरा मजूर आपल्यासारख्याच गरीब काळ्या मजुराशी हातमिळवणी का करीत नाही? त्यांचे उत्तर असे, की गोऱ्या मजुराला पैशाची मजुरी कमी मिळते, पण तिच्या जोडीला मानाची एक अदृश्य मजुरी मिळते. पंगतीत, शाळेत, कचेरीत तो कोणापेक्षा तरी वरचा ठरतो. बाबासाहेबांनी मांडलेली श्रेणीबद्ध विषमतेची कल्पना ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना हे उत्तर फोड करून सांगावे लागणार नाही.

आता पुन्हा डेट्रॉइटकडे वळू. १९४१ साली एट माइल रस्त्यालगत एका बांधकाम व्यावसायिकाला गोऱ्यांसाठी घरे बांधावयाची होती. शेजारीच कृष्णवर्णीयांची वस्ती असल्यामुळे केंद्र सरकारची गृहकर्जास हमी देणारी यंत्रणा हमी देईना. तेव्हा त्याने दोन वस्त्यांच्या मध्ये सहा फूट उंचीची, सुमारे अर्धा मैल लांबीची भिंत उभारली. मग हमी मिळाली! भिंत आजही उभी आहे. आपल्याकडील गावकुसाचे स्मरण येथे झाल्यावाचून राहत नाही. मात्र गावकूस रूढीने राखले, ही भिंत सरकारी कर्जाच्या नियमाने बांधविली.

या नियमाचा परिणाम दूरवर गेला. कृष्णवर्णीय कुटुंब शेजारी आले, की घराची किंमत उतरेल ही धास्ती गोऱ्या कामगाराच्या मनात घर करून बसली, आणि घर हीच तर त्याची आयुष्यभराची पुंजी. घरांचे दलाल ही भीती वाढवून घरे स्वस्तात विकावयास लावीत व तीच कृष्णवर्णीयांना महाग विकीत. द्वेष हा केवळ मनाचा विकार असतो असे मानणाऱ्यांनी हा व्यवहार ध्यानी घ्यावा. येथे द्वेषाला बाजारभाव होता.

दरम्यान कारखाने शहराबाहेर चालले होते. १९४७ ते १९६३ या काळात डेट्रॉइटने कारखान्यांतील सुमारे १ लाख ३४ हजार रोजगार गमावले. हा कालक्रम महत्त्वाचा आहे. ४३ जणांचा बळी घेणारा १९६७ चा उद्रेक त्यानंतरचा. शहराचा पहिला कृष्णवर्णीय महापौर १९७३ साली निवडून आला, तो त्याहून नंतरचा. असे असूनही उपनगरांत कथा रुजली ती उलट्या क्रमाची : ते आले, दंगल झाली, आणि म्हणून शहर बुडाले.

१९७० च्या दशकारंभी शहरातील व उपनगरांतील मुलांना बसने एकमेकांच्या शाळांत पाठवून शाळांतील वर्णविभागणी मोडण्याची योजना पुढे आली. मॅकोंबमध्ये संताप उसळला. वर्णविभागणीचे कट्टर समर्थक असलेले अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी १९७२ साली मिशिगनमधील डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक जिंकली. हे दक्षिणेतील राज्य नव्हे, कामगार संघटनांचा बालेकिल्ला होता! १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने उपनगरांना त्या योजनेतून वगळले आणि एट माइल रस्ता शाळेच्या दृष्टीनेही सीमा ठरला. मॅकोंबने १९६० साली केनेडींना सुमारे ६३ टक्के मते दिली होती. १९८४ साली त्याच मॅकोंबने रेगन यांना सुमारे ६६ टक्के दिली. १९८५ साली स्टॅन्ले ग्रीनबर्ग या अभ्यासकाने तेथील गोऱ्या कामगारांची मते जाणून घेतली, तेव्हा आपल्या बहुतेक अडचणींचे खापर ते कृष्णवर्णीयांवर फोडीत असल्याचे आढळले. कारखाना हलविणारा मालक त्यांच्या बोलण्यात क्वचितच होता.

एवढ्यावरून हे सारे मतदार जन्मजात वर्णद्वेष्टे होते असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, परंतु पुढील इतिहास तो टिकू देत नाही. २००८ व २०१२ या दोन्ही वर्षी मॅकोंबने बराक ओबामा यांना कौल दिला. मोटार-उद्योग तेव्हा मृत्युशय्येवर होता, आणि त्याला सरकारी साहाय्य कोण देणार, हा प्रश्न अग्रभागी होता. २०१६ साली हीच काउंटी डोनाल्ड ट्रम्प यांच्या मागे गेली. त्यांनी व्यापार-करार व स्थलांतरित यांना एकाच दमात दोषी ठरविले होते. आमच्या मते कामगाराचा रोष या सर्व वर्षांत फारसा बदलला नाही. त्या रोषाला कोणाचे नाव दिले गेले, ते बदलले. मानाची मजुरी मागणारे मन दबते, नाहीसे होत नाही; संधी मिळताच त्याला आवाहन करणारा पुढारी सापडतो.

२०१६ साली ट्रम्प यांनी संपूर्ण मिशिगन राज्य १०,७०४ मतांनी जिंकले. मॅकोंबमधील त्यांची आघाडी ४८ हजारांवर होती. साहजिकच पत्रकारांची रीघ मॅकोंबकडे लागली. परंतु रस्त्याच्या दक्षिणेसही एक आकडा होता. डेट्रॉइट शहरात हिलरी क्लिंटन यांना ओबामांच्या २०१२ मधील मतांपेक्षा सुमारे ४७ हजार मते कमी पडली. ही मते बहुतांशी ट्रम्प यांच्याकडे गेली नव्हती. पुष्कळ लोक घरीच राहिले. या रोषाची दखल त्या मानाने फारच थोड्यांनी घेतली.

त्याला कारण होते. राज्यातील आर्थिक अडचणीतल्या शहरांवर गव्हर्नरने नेमलेला आणीबाणी-व्यवस्थापक बसविण्याचा कायदा मिशिगनच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये सार्वमताने फेटाळला. डिसेंबरमध्ये विधिमंडळाने तसाच नवा कायदा केला, आणि त्याला निधीची तरतूद जोडली, जेणेकरून त्यावर पुन्हा सार्वमत घेता येऊ नये. मार्च २०१३ मध्ये डेट्रॉइटवर व्यवस्थापक आला. निवडून दिलेल्या महापौराचे व नगरपरिषदेचे अधिकार त्याच्या हाती गेले. त्या काळात राज्यातील जवळजवळ निम्मे कृष्णवर्णीय नागरिक अशा व्यवस्थापकांच्या अमलाखाली होते. फ्लिंट शहरात २०१४ साली नदीचे पाणी नळांत सोडले गेले आणि पाण्यातून शिसे घरोघर पोचले, तेही अशाच अमलात. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता, की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, असा विसंगत संसार फार काळ चालत नाही. डेट्रॉइटमध्ये त्या विसंगतीतील समतेची बाजूही काही काळ बाजूला ठेवली गेली. ज्याच्या मताने निवडलेला महापौर कागदावरच उरतो, तो मतदान केंद्रावर गेला नाही तर त्याला उदासीन म्हणावे काय?

२०२० साली डेट्रॉइटच्या मतमोजणी केंद्राबाहेर जमाव 'मोजणी थांबवा' म्हणून ओरडत होता. वेन काउंटीच्या निकालास संमती देणाऱ्या चारसदस्यीय मंडळातील दोघा रिपब्लिकन सदस्यांनी १७ नोव्हेंबर रोजी प्रथम संमती नाकारली. त्यांच्यापैकी एका सदस्याने डेट्रॉइट वगळून उर्वरित काउंटीच्या निकालास मान्यता देण्याची तयारी दर्शविली. मतदार-नोंदीत किरकोळ तफावत असलेली गोऱ्यांची उपनगरेही त्या काउंटीत होती. वगळावयाचे सुचले ते डेट्रॉइटच. त्या संध्याकाळी नागरिक दूरदृश्य-सभेत एकामागून एक उभे राहिले आणि कित्येक तास बोलत राहिले. रात्री दोघांनीही संमती दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती मागे घेण्याचा प्रयत्न केला. तोवर निकाल राज्याकडे गेला होता.